शेरा

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी फोन.
दूध काढणारा रोबो अडलाय, त्रुटी क्रमांक बेचाळीस,
साठ गायी खोळंबल्यात,
आणि आउने व्हायसानेनबाईंचा आवाज असा
की मीच काल येऊन बिघडवून गेलोय.

किउरुवेसीपर्यंत एकशे ऐंशी किलोमीटर.
उणे अठ्ठावीस.
व्हॅनचा हीटर फक्त उजवा पाय शेकतो,
डाव्याची आशा मी गेल्या हिवाळ्यातच सोडली.
वळणावर एक एल्क उभा.
मी वेग कमी करतो, तो मान वळवतो.
दोघांनाही वाटतं, दुसऱ्याला घर असेल.

लोक म्हणतात, मजा आहे बुवा, रोज नवं गाव.
हो, अर्धा देश पाठ आहे मला.
कुठल्या गोठ्याचं दार खांद्याने रेटावं लागतं,
कुठला कुत्रा डावी पोटरीच धरतो,
कुठल्या मोटेलात उशी म्हणजे नुसता अभ्रा.
तळी म्हणाल तर एकही धड पाहिलेलं नाही.
उन्हाळ्यात रात्रीही मावळत नाही तो उजेड असतो,
तेव्हा मी यंत्राच्या पोटाखाली उताणा.

विंचवाचं निदान बिऱ्हाड तरी असतं पाठीवर.
माझ्या पाठीत एक सरकलेली चकती,
आणि मागे सुट्या भागांचे बावीस डबे,
ज्यांत हवा तो भाग नसतो.

आउनेबाईंकडे काम अकरा मिनिटांचं.
कॅमेऱ्याच्या काचेवर शेणाचा शिंतोडा.
पुसला.
रोबोचा हात वळला, चाचपडला, सड सापडले,
पहिली गाय पुढे झाली, काही घडलंच नव्हतं अशी.
"एवढंच?" बाई म्हणाल्या,
"आणि ह्याचे साडेचारशे युरो?"
मग त्यांनीच कॉफी ठेवली,
वेलचीचा गोड पाव कापला,
आणि खिडकीकडे बघत सांगितलं,
नवरा गेल्यापासून
रोबोची घरघर ऐकू आली नाही तर झोप लागत नाही,
म्हणून लगेच कळलं, बंद पडलाय ते.

मी घड्याळ बघितलं.
पुढचा गोठा नुर्मेसला होता.

फॉर्मवर रकाने आहेत:
प्रवास, काम, सुटे भाग, ग्राहकाची सही, शेरा.
अर्ध्यावर सोडलेल्या कॉफीला रकाना नाही.
माणसं मला भेटतात ती बिघाडाच्या दिवशी.
सगळं सुरळीत चालू असताना
ती कशी दिसतात, कशावर हसतात,
मला ठाऊक नाही.

पिहलाचा सातवा वाढदिवस
मी एका दूधटाकीला टेकून फोनवर पाहिला.
आधी केक, मग कुणाचं तरी कोपर, मग छत.
कुणीतरी फोन पालथा ठेवला असावा.
अंधारात टाळ्या ऐकू आल्या.
मीही वाजवल्या, हातमोज्यांतून.

शुक्रवारी घरी पोचलो तेव्हा सगळे झोपले होते.
न्हाणीघरात वॉशिंग मशीन चालू होतं.
सहा आठवडे बंद पडलेलं, तेच,
ज्याला मी दर रविवारी म्हणत होतो,
पुढच्या रविवारी नक्की.
ते शेवटच्या फेऱ्या घेत होतं,
न थरथरता, तोल सांभाळून.

फ्रिजवर चुंबकाखाली पिवळी प्रत.
आगमन नऊ दहा, प्रस्थान नऊ पस्तीस.
पंपात लहान मुलाचा मोजा अडकला होता.
अक्षर सुरेख, एकही खाडाखोड नाही.

मी उभ्या उभ्या हिशेब केला.
मोजा काढायला सहा मिनिटं लागतात.
फार तर आठ.

सिंकमध्ये दोन कप होते, दोन्ही रिकामे,
तळाशी गाळसुद्धा नाही.

सही साइलाची.
आणि खाली, शेऱ्याच्या रकान्यात,
मी स्वतः शेकडो वेळा लिहिलेलं वाक्य:
ग्राहक घरी नव्हते.